सदस्याच्या गैरकृत्यासाठी संघटनेला कितपत जबाबदार धरता येते?

नीरक्षीर

२८ जुलै २००३ रोजी घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. त्याच्या निषेधार्थ शिवसेना आणि भारतीय जनता पक्ष यांनी ३० जुलैला मुंबई बंदची हाक दिली. या बंदविरुद्ध माजी मंत्रिमंडळ सचिव बी. जी. देशमुख आणि शहरातील काही नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. जुलै २००४ मध्ये न्यायालयाने दोन्ही पक्षांना प्रत्येकी २० लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. दुकानावर दगड मारणारा हात नेमका कोणाचा होता, याच्या शोधात न्यायालय अडकून पडले नाही. शहर बळाने बंद पाडण्याची हाक ज्यांनी दिली, त्यांनी त्या हाकेची किंमत मोजावी, असा त्या आदेशाचा रोख होता.

हा निकाल आठवण्याचे कारण असे की, अलीकडे एखाद्या संघटनेच्या सदस्याचे गैरकृत्य उघडकीस आले की दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक बाजू म्हणते की त्या संघटनेवर बंदीच घाला, कारण ती माणसेच तशी आहेत. दुसऱ्या बाजूने पदाधिकारी पत्रक काढतात की सदर व्यक्तीचा संघटनेशी काहीही संबंध नाही, आणि असलाच तर ते त्याचे वैयक्तिक कृत्य आहे. (छायाचित्रात तीच व्यक्ती व्यासपीठावर पहिल्या रांगेत बसलेली असते, ही गोष्ट वेगळी.) कायदा यांपैकी एकाही बाजूचे पूर्ण ऐकत नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. केवळ सदस्यत्वामुळे संघटना जबाबदार ठरू नये. संघटनेने त्या माणसाला काय दिले होते, हे पाहावे. तिने त्याला अधिकार दिला होता का, लोकांच्या घरात, तिजोरीत किंवा मुलांपर्यंत पोहोचण्याची वाट दिली होती का, की रस्त्यावर उतरण्याची हाक दिली होती? त्याने केलेले नुकसान यांपैकी एखाद्या गोष्टीतून उद्भवले असेल, तर संघटनेला हात झटकता येऊ नयेत. तसे नसेल, तर त्याच्या खिशात ओळखपत्र सापडले एवढ्यावरून संघटनेला गोवणे अन्यायाचे आहे.

फौजदारी आणि दिवाणी जबाबदारी यांची येथे गल्लत होऊ देऊ नये. फौजदारी कायद्यात सर्वसाधारणपणे ज्याचे कृत्य, त्यालाच शिक्षा. बेकायदेशीर जमावातील एकाने केलेल्या गुन्ह्यासाठी इतरांनाही दोषी धरता येते (पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम १४९, आता भारतीय न्याय संहितेचे कलम १९०), पण त्यासाठी जमावाचा समान उद्देश सिद्ध व्हावा लागतो. तेथे उभे असणे पुरेसे नसते. कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही म्हणून तिच्यावर खटलाच चालू नये, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात फेटाळला आणि अशा वेळी दंडाची शिक्षा देता येते असे सांगितले. दिवाणी बाजूला मात्र नोकराच्या कृत्याबद्दल मालकाकडून भरपाई घेण्याचे तत्त्व, म्हणजेच व्हायकेरियस लायबिलिटी, फार जुने आहे. भागीदारी संस्थेबाबत तर १९३२ चा कायदा स्पष्टच सांगतो की, धंद्याच्या नेहमीच्या ओघात एका भागीदाराने केलेल्या अपकृत्याला पेढी त्याच्याइतकीच जबाबदार असते.

खरी अडचण या दोहोंच्या मधल्या प्रदेशात आहे. पक्ष, मंडळे, न्यास, धार्मिक संस्था, क्रीडा संघ, जातीच्या संघटना यांच्यातील माणसे बहुधा नोकर नसतात आणि भागीदारही नसतात. ती स्वयंसेवक, कार्यकर्ते, सेवेकरी, हितचिंतक असतात. मालक-नोकराचे तत्त्व त्यांना किती लागू करावे, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढला आहे.

जुना कारकून

धाग्याचा विषय मोलाचा आहे; पण तत्त्वाच्या आधी एक व्यवहारातील अडचण मांडू इच्छितो, कारण माझी नोकरी अशाच कागदपत्रांत गेली. संघटनेला जबाबदार धरायचे म्हणजे दाव्यात प्रतिवादी म्हणून कोणाचे नाव लिहायचे?

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेल्या संस्थेविरुद्ध तिच्या अध्यक्षाच्या, सचिवाच्या किंवा विश्वस्तांच्या नावे दावा करता येतो. त्याच कायद्याचे कलम ८ सांगते की, अशा दाव्यातील हुकूमनाम्याची वसुली त्या पदाधिकाऱ्याच्या खासगी मालमत्तेतून करायची नाही, संस्थेच्या मालमत्तेतून करायची. महाराष्ट्रात अशा संस्था बहुधा सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय कार्यालयातही नोंदलेल्या असतात, त्यामुळे निदान विश्वस्तांची यादी आणि हिशेब कुठेतरी सापडतात.

आता नोंदणीच नसलेले मंडळ घ्या. ते कायद्याच्या नजरेत व्यक्ती नाही. त्याच्याविरुद्ध जायचे तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १, नियम ८ प्रमाणे काही जणांना सर्वांचे प्रतिनिधी करून, न्यायालयाची परवानगी घेऊन दावा करावा लागतो. एवढे करून निकाल मिळाला, तरी वसुली कशातून करणार? मंडप भाड्याचा, ध्वनिवर्धक भाड्याचा, आणि मूर्ती तर विसर्जित झालेली. परिणामी हिशेब नीट ठेवणारी, नोंदणी केलेली, थोडीफार शिल्लक बाळगून असलेली संस्था जबाबदारीच्या कचाट्यात सापडते आणि ज्याने कागदच केला नाही तो मोकळा सुटतो. जबाबदारीचे तत्त्व कितीही सुंदर मांडले, तरी हे उलटे बक्षीस बंद झाल्याशिवाय त्याचा उपयोग मर्यादित राहील.

आमच्या भागात काही वर्षांपूर्वी वर्गणीवरून एका दुकानदाराला धमकावण्यात आले, तेव्हा मंडळाने सांगितले की तो मुलगा आमचा नाहीच. दुकानदाराकडे मात्र मंडळाचा शिक्का असलेले पावतीपुस्तक त्या मुलाच्या हातात असल्याचे सांगणारे दोन शेजारी होते. नीरक्षीर यांच्या कसोटीवर पाहिले तर तो मुलगा सभासद होता की नाही हा प्रश्न गौण ठरतो. पावतीपुस्तक त्याला कोणी दिले, एवढेच विचारायला हवे.

शंकासुर

नीरक्षीर यांची मांडणी ऐकायला चांगली आहे, पण तिचा गैरवापर किती सोपा आहे ते पाहा. उद्या एखाद्या कामगार संघटनेने शांततेचा मोर्चा काढला आणि प्रतिस्पर्ध्याने चार माणसे तिचे झेंडे देऊन त्यात घुसवली. त्यांनी दोन बसगाड्या फोडल्या की भरपाई कोणी द्यायची? कसोटी सैल ठेवली तर जे सरकारला नको असेल त्या प्रत्येक आंदोलनाच्या आयोजकांचे घरदार जप्त करता येईल. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने शांततेने, निःशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क बजावण्यासाठी आधी अनामत रक्कम ठेवावी लागणार असेल, तर तो श्रीमंतांचाच हक्क होईल.

नीरक्षीर

शंकासुर यांचा आक्षेप गंभीर आहे आणि तो नुसता कल्पनेतला नाही. आधी कायदा आज कुठे उभा आहे ते पाहू.

आंदोलनांतील मोडतोडीची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती आणि निवृत्त न्यायमूर्ती के. टी. थॉमस व ज्येष्ठ विधिज्ञ फली नरिमन यांच्या अध्यक्षतेखाली दोन समित्या नेमल्या होत्या. त्यांच्या अहवालांच्या आधारे १६ एप्रिल २००९ रोजी जो निकाल झाला, त्यात विधिमंडळ कायदा करीपर्यंतची व्यवस्था घालून दिली आहे. उच्च न्यायालयाने दावा आयुक्त नेमावा, तो आजी किंवा माजी न्यायाधीश असावा; नुकसान आणि ते ज्या कार्यक्रमातून घडले तो कार्यक्रम यांच्यातील दुवा सिद्ध झाला की निरपवाद दायित्वाचे (म्हणजे स्वतःचा दोष सिद्ध न होताही जबाबदार धरण्याचे) तत्त्व लावावे; आणि भरपाई प्रत्यक्ष कृत्य करणारे व आयोजक या दोघांवरही बसावी, कोणाचा वाटा किती हे आयुक्ताच्या तपासातून ठरावे. जरब बसवणारी भरपाई द्यायची झाली, तरी ती मूळ भरपाईच्या दुपटीपेक्षा अधिक नसावी, असेही त्यात म्हटले आहे. पुढे २०१८ मध्ये न्यायालयाने असे सांगितले की, एखाद्या गटाने पुकारलेल्या आंदोलनात हिंसा झाल्यास त्याच्या नेत्यांनी व पदाधिकाऱ्यांनी २४ तासांच्या आत संबंधित पोलीस ठाण्यात चौकशीसाठी हजर व्हावे.

आता या व्यवस्थेचा वापर कसा झाला ते पाहा. २२ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय तपास संस्थेचे छापे पडले आणि दुसऱ्या दिवशी पॉप्युलर फ्रंट ऑफ इंडियाने केरळमध्ये अचानक हरताळ पुकारला. राज्य परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांची मोठ्या प्रमाणावर मोडतोड झाली. केरळ उच्च न्यायालयाने संघटनेला ५ कोटी २० लाख रुपये भरायला सांगितले आणि ते न भरल्यामुळे २०२३ च्या सुरुवातीला मालमत्ता जप्तीची कारवाई झाली. त्या जप्तीत संघटनेशी संबंध नसलेल्या काही लोकांच्या मालमत्ताही गोवल्या गेल्या आणि त्या मोकळ्या करण्याचे आदेश न्यायालयाला द्यावे लागले. मला हा तपशील ५ कोटींच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. जबाबदारी संघटनेची ठरवली आणि वसुली मात्र नावावरून, गावावरून, अंदाजाने केली, की काय होते ते त्यातून दिसले.

उत्तर प्रदेशाचे उदाहरण तर शंकासुर यांच्याच बाजूचे आहे. २०१९ च्या डिसेंबरातील आंदोलनांनंतर तेथे अपर जिल्हाधिकाऱ्यांनी वसुलीच्या नोटिसा काढल्या. २००९ च्या निकालाने हे काम न्यायाधीशाकडे दिलेले असताना प्रशासनाने स्वतःच तक्रारदार आणि स्वतःच निवाडा करणारा व्हावे, यावर सर्वोच्च न्यायालयाने तीव्र नापसंती व्यक्त केली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याला २७४ नोटिसा मागे घ्याव्या लागल्या. तोपर्यंत राज्याने २०२० मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला होता, त्यामुळे नवी कारवाई त्या कायद्याखाली करण्याची मुभा मात्र राहिली.

म्हणून घुसवलेल्या चार माणसांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे. निरपवाद दायित्व हे शब्द ऐकायला कठोर असले, तरी दुवा सिद्ध करण्याचे ओझे दावा करणाऱ्यावरच राहिले पाहिजे, आणि त्या चौकशीत आयोजकांनी काय काळजी घेतली याला वजन मिळाले पाहिजे. मार्ग आधी पोलिसांना कळवला होता का? स्वयंसेवक नेमले होते का? मोडतोड सुरू झाल्यावर नेत्यांनी ध्वनिवर्धकावरून थांबण्यास सांगितले, की टाळ्या वाजवल्या? हे सर्व पाहून वाटा ठरवायचा, आणि कधी तो शून्यही ठरू शकेल. संपूर्ण शहर बळाने बंद करण्याच्या हाकेला मात्र मी ही सवलत देणार नाही. केरळ उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अशा बंदला घटनाबाह्य ठरवले आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला. बंदमध्ये दुकान उघडे ठेवणाऱ्याला भीती वाटणे हा योगायोग नसतो. बंद यशस्वी होतो तोच त्या भीतीमुळे.

सह्यकडा

याच विषयाचे एक धाकटे भावंड महाराष्ट्रातच न्यायालयात गेले होते, म्हणून त्याची नोंद येथे करतो. गोंदिया जिल्ह्यातील एका व्हॉट्सअॅप गटात एका सदस्याने एका महिलेबद्दल अश्लील मजकूर टाकला. गटाच्या अॅडमिनने त्याला काढले नाही की माफी मागायला लावली नाही, म्हणून अॅडमिनवरही गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये अॅडमिनविरुद्धची ती कारवाई रद्द केली. सदस्य घालणे आणि काढणे यापलीकडे अॅडमिनला फारसा अधिकार नसतो. मजकूर प्रसिद्ध होण्यापूर्वी तो गाळण्याची सोय त्याच्या हाती नसते. समान हेतू किंवा आधी आखलेला बेत दाखवल्याशिवाय दुसऱ्याच्या शब्दांसाठी त्याला गुन्हेगार ठरवता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयानेही तेच मत दिले.

नीरक्षीर यांच्या कसोटीशी हे जुळते, कारण अॅडमिनने सदस्याला कोणताही विशेष अधिकार दिलेला नव्हता. पण तोच गट एखाद्या शाळेचा अधिकृत गट असेल, त्यात मजकूर टाकण्याची मुभा फक्त शिक्षकांना असेल आणि एखाद्या शिक्षकाने त्यावर विद्यार्थिनीची बदनामी केली, तर शाळेला एवढ्या सहज सुटता येईल असे मला वाटत नाही.

शंकासुर

अधिकार आणि संधी यांची सीमारेषा तुम्ही सगळे फार ठळक समजत आहात. स्टेट बँकेविरुद्धचा श्यामा देवी यांचा खटला वाचा. त्यांच्या पतीने बँकेत काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे खात्यात भरण्यासाठी पैसे आणि धनादेश दिले. त्याने त्यांचा अपहार केला आणि पासबुकात खोट्या नोंदी केल्या. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँक जबाबदार नाही असे ठरवले, कारण पैसे त्याला बँकेचा कर्मचारी म्हणून नव्हे, तर मित्र म्हणून दिले होते. आता मला सांगा, तो माणूस बँकेत नसता तर त्याच्याकडे पैसे दिले असते का? पासबुकात नोंद करण्याची संधी त्याला कोणी दिली होती? नीरक्षीर यांच्या कसोटीने बँक अडकायला हवी होती, प्रत्यक्षात ती सुटली.

नीरक्षीर

उदाहरण अचूक आहे आणि तो निकाल मला आजही जाचतो. न्यायालयाने तेथे पैसे कोणत्या नात्याने सोपवले यावर भर दिला, आणि बँकेच्या खिडकीवर रीतसर पावती घेऊन भरलेल्या पैशांची गोष्ट वेगळी ठरली असती हे उघड आहे. नुसती संधी पुरेशी नाही, हे मी मान्य करतो. पोस्टमनला पत्ते माहीत असतात म्हणून त्याने रात्री केलेल्या घरफोडीची भरपाई टपाल खात्याने द्यावी असे मी म्हणणार नाही. जे काम संघटनेने सोपवले, त्याच कामाच्या पोटी ते गैरकृत्य घडले का, असे माझी कसोटी अधिक घट्ट करून विचारतो.

याच्या दुसऱ्या टोकाला कस्तुरीलाल प्रकरणाचा निकाल आहे आणि त्याचे समर्थन मी कोणत्याही कसोटीवर करू शकत नाही. रलिया राम हे अमृतसरच्या कस्तुरीलाल रलिया राम जैन या पेढीचे भागीदार. सप्टेंबर १९४७ मध्ये ते मेरठला आले असता पोलिसांनी त्यांना संशयावरून पकडले आणि त्यांच्याजवळचे सोने ताब्यात घेतले. मालखान्याचा ताबा असलेला हेड कॉन्स्टेबल ते सोने घेऊन पाकिस्तानात पळाला. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की पोलिसांचा निष्काळजीपणा आहे, पण अटक व जप्ती ही सार्वभौम कार्ये असल्यामुळे राज्य भरपाई देण्यास बांधील नाही. अधिकार राज्याचा, ताबा राज्याचा, मालखान्याची किल्लीही राज्याचीच, आणि जबाबदारी मात्र कोणाचीच नाही. १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात न्यायालयाने कोठडीतील मृत्यूबद्दल आईला दीड लाख रुपये देववले आणि मूलभूत हक्कांचा भंग झाला असता सार्वभौमत्वाचा बचाव चालत नाही असे स्पष्ट केले. पण तोवर मधली पिढी निघून गेली होती.

थेम्सकाठ

इंग्लंडमध्ये हा प्रश्न गेली वीस-पंचवीस वर्षे धगधगत आहे आणि त्याचे कारण वेदनादायक आहे: शाळा, वसतिगृहे आणि धार्मिक संस्थांमध्ये मुलांवर झालेले लैंगिक अत्याचार. कोणतीही संस्था अत्याचार करायला माणूस नेमत नाही, म्हणून ते कामाच्या कक्षेबाहेरचे मानून संस्था पूर्वी सुटत असत. २००१ मध्ये हेस्ली हॉल प्रकरणात हाउस ऑफ लॉर्ड्सने (हेच तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालय होते) ती वाट बंद केली. वसतिगृहाच्या अधीक्षकावर मुलांचे संगोपन सोपवले होते आणि त्याच नात्याचा त्याने गैरफायदा घेतला, एवढा निकट संबंध पुरेसा आहे असे ठरले.

या धाग्याच्या दृष्टीने २०१२ चा निकाल अधिक जवळचा आहे. कॅथलिक शिक्षक-बंधूंच्या एका संघाचे सदस्य यॉर्कशरमधील एका निवासी शाळेत शिकवत असत. त्यांचा नोकरीचा करार शाळा चालवणाऱ्यांशी होता, संघाशी नव्हता. उलट तेच आपली कमाई संघाला देत असत. संघाला कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्वही नव्हते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने संघाला जबाबदार धरले. सदस्याने कुठे जावे, काय करावे, कसे वागावे हे संघ ठरवीत असे आणि शिकवणे हे संघाचे ध्येयच होते, त्यामुळे हे नाते नोकरीसारखेच, किंबहुना नोकरीपेक्षाही घट्ट आहे, असे न्यायालयाला वाटले. जुना कारकून यांनी सांगितलेली नोंदणीची पळवाट तेथे चालली नाही.

मात्र २०२३ मध्ये वेल्समधील बॅरी येथील यहोवाज विटनेसेस या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीबाबत त्याच न्यायालयाने पाऊल आखडते घेतले. तेथील एका ज्येष्ठाने (हे मंडळीतील धार्मिक नेतृत्वाचे पद) १९९० मध्ये स्वतःच्या घरी मंडळीतील एका महिलेवर बलात्कार केला होता. ज्येष्ठाचे मंडळीशी असलेले नाते नोकरीसारखे आहे हे न्यायालयाने मानले. पण ते कृत्य त्या पदाचे कोणतेही काम करताना घडलेले नाही, म्हणून मंडळी जबाबदार नाही, असे ठरवले. ऑस्ट्रेलिया तर आणखी मागे गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील हाय कोर्टाने (त्या देशातील सर्वांत वरच्या न्यायालयाने) सांगितले की, खरे नोकरीचे नाते नसेल तर हे दायित्व लागूच होत नाही, आणि बॅलरॅटच्या धर्मप्रांताला एका पाद्र्याच्या कृत्यातून मोकळे केले.

मी येथील एका मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे. आमच्या रविवारच्या मराठी वर्गात शिकवणारे सगळे स्वयंसेवक आहेत, कोणालाही मानधन नाही. तरीही प्रत्येकाची पोलीस-नोंदींची तपासणी झाल्याशिवाय आम्ही वर्ग देत नाही आणि कोणालाही एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसू देत नाही. सुरुवातीला काही ज्येष्ठ मंडळींना हा अपमान वाटला होता. स्वयंसेवक आहे म्हणजे मंडळाची जबाबदारी नाही, असे सांगणारा एकही वकील मात्र आम्हाला भेटला नाही.

अबोली

स्वयंसेवकांचा विषय निघालाच आहे म्हणून भारतातील कायद्याबद्दल लिहिते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कर्मचारी या व्याख्येत विनावेतन, स्वेच्छेने काम करणारी व्यक्तीही येते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती नेमावीच लागते. न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होतो. लक्षात घ्या की हा दंड छळ झाल्याबद्दल नाही. दाद मागण्याची जागा निर्माण न केल्याबद्दल, म्हणजे संघटनेच्या स्वतःच्या कसुरीबद्दल आहे.

मला ही दिशा अधिक न्याय्य वाटते. दुसऱ्याचे पाप माथी मारले म्हणून संघटना तक्रार करतात. पण तक्रार आली तेव्हा तुम्ही काय केले, हा प्रश्न त्यांच्या स्वतःच्याच वागण्याविषयीचा आहे. एका स्वयंसेवी संस्थेत मी काही काळ काम केले. तेथे एका वरिष्ठाबद्दल कुजबुज होती, दोन जणींनी तोंडी सांगितलेही होते, आणि उपाय म्हणून त्याची बदली दुसऱ्या तालुक्यात करण्यात आली. तेथील मुलींना कोणी काही सांगितले नाही. त्यानंतर जे घडले ते त्याचे वैयक्तिक कृत्य होते, असे म्हणणे मला तरी शक्य नाही.

विसंगती अशी की, २००४ मध्ये ज्यांना बंदच्या नुकसानीसाठी जबाबदार धरले गेले ते राजकीय पक्ष या कायद्याच्या बाहेर राहतात. पक्ष आणि त्याचा सदस्य यांच्यात मालक-कर्मचारी नाते नाही, म्हणून पक्षांना अंतर्गत समिती बंधनकारक नाही, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले. रस्त्यावर फुटलेल्या काचेसाठी नाते पुरेसे, आणि पक्ष कार्यालयातील कार्यकर्तीसाठी अपुरे!

लेगब्रेक

क्रीडा क्षेत्राने हा प्रश्न न्यायालयांपेक्षा निर्दयपणे सोडवला आहे. १९८५ मध्ये ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी केलेल्या हल्ल्यानंतर ३९ जणांचा जीव गेला. त्यानंतर सर्वच इंग्लिश क्लबांना युरोपीय स्पर्धांतून पाच वर्षे बाहेर ठेवले गेले. लिव्हरपूलला एक वर्ष अधिक. प्रेक्षक हे क्लबचे नोकर नाहीत आणि बहुतेक जण सदस्यही नाहीत. तरीही युरोपीय फुटबॉल संघटनेचे नियम पाठीराख्यांच्या वागण्यासाठी क्लबला जबाबदार धरतात, क्लबचा स्वतःचा दोष असो वा नसो.

आपल्याकडे आयपीएलमध्ये चेन्नई सुपर किंग्जचा एक पदाधिकारी आणि राजस्थान रॉयल्सचा एक सहमालक बेटिंगमध्ये दोषी आढळले. जुलै २०१५ मध्ये न्यायमूर्ती लोढा समितीने ते दोघे तर आजन्म बाद केलेच, पण दोन्ही फ्रँचायझींनाही दोन वर्षे निलंबित केले. २०१६ आणि २०१७ चे हंगाम ते संघ खेळले नाहीत. ज्या खेळाडूंनी काहीच केले नव्हते त्यांना दुसरे संघ शोधावे लागले. तरीही मी या शिक्षेच्या बाजूने आहे, कारण फ्रँचायझीने करारावर सही करताना तिचे लोक खेळाची अप्रतिष्ठा करणार नाहीत असे मान्य केलेले होते. कराराने घेतलेली जबाबदारी आणि कायद्याने लादलेली जबाबदारी यांत फरक करायला हवा.

जुना कारकून

लेगब्रेक यांचा शेवटचा मुद्दा मंडळांनाही लागू करता येईल. रस्त्यावर मंडप घालायला महापालिका परवानगी देते, ध्वनिवर्धकाला पोलीस देतात. त्या परवानगीतच स्वयंसेवकांची यादी, वर्गणी गोळा करणाऱ्यांची नावे आणि ठरावीक अनामत रक्कम असावी. शंकासुर यांना अनामत नको आहे, आणि मोर्चाबाबत मी त्यांच्याशी सहमत आहे. पण दहा दिवस सार्वजनिक रस्ता वापरणाऱ्या उत्सवाबाबत ती मागणे गैर नाही. यादीतला माणूस चुकला तर मंडळ जबाबदार, यादीबाहेरच्याच्या हाती मंडळाचे पावतीपुस्तक सापडले तरी मंडळ जबाबदार, आणि एरवी ज्याचे त्याने पाहावे. परवानगी नोंदणी असलेल्यांनाच मिळणार असेल, तर मी वर सांगितलेले उलटे बक्षीसही बऱ्याच अंशी बंद होईल.

शंकासुर

मोर्चा आणि उत्सव यांत केलेला फरक मला पटला. एक शेवटची शंका. गैरकृत्य झाल्यानंतर संघटनेने त्या माणसाची तातडीने हकालपट्टी केली, तर तिची जबाबदारी कमी व्हावी का? नाही म्हटले तर हकालपट्टी करण्याचे कारणच उरणार नाही.

नीरक्षीर

भरपाईपुरते बोलायचे तर कमी होऊ नये, कारण जबाबदारी कृत्य घडले त्या क्षणी काय नाते होते यावर ठरते आणि नंतरच्या पत्राने ते नाते मागील तारखेने तुटत नाही. जरब बसवणारी जादा रक्कम ठरवताना, किंवा परवानगी चालू ठेवायची की रद्द करायची हे पाहताना मात्र त्या पत्राचा विचार अवश्य व्हावा. अट एवढीच की ते पत्र पहिली तक्रार आल्यानंतर निघालेले असावे, बातमी छापून आल्यानंतर नव्हे. अबोली यांनी सांगितलेल्या संस्थेत तोंडी तक्रारी आणि बदलीचा आदेश यांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, तर त्या संस्थेला काय ठाऊक होते हे कोणाही आयुक्ताला पाच मिनिटांत कळेल. म्हणून तोंडी तक्रारीचीही नोंद तारखेसह नोंदवहीत करणे बंधनकारक असावे, आणि ती नोंदवही पदाधिकाऱ्यांच्या घरी न राहता धर्मादाय कार्यालयात दरवर्षी हिशेबाबरोबर दाखल व्हावी, अशी माझी सूचना आहे. जुना कारकून यांनी त्या कार्यालयांचा कारभार जवळून पाहिला आहे. हे प्रत्यक्षात कितपत शक्य आहे ते त्यांनी लिहावे.

जुना कारकून

शक्य आहे, पण हिशेबच वेळेवर दाखल न करणाऱ्या न्यासांची संख्या पाहता, नोंदवहीसाठी वेगळी मुदत आणि वेगळा दंड ठेवावा लागेल. शिवाय तक्रारदाराचे नाव त्या वहीत उघडे राहता कामा नये. नाहीतर तालुक्याच्या गावात दुसऱ्याच दिवशी ते सर्वांना कळेल आणि पुढची तक्रार येणारच नाही. नावे बंद पाकिटात आणि वहीत फक्त क्रमांक, अशी रीत काही कार्यालयांत इतर कामांसाठी आहे; तीच येथे लावता येईल.